लखमासाठी दोन मिनिटं

भिवाजीनं स्केचपेनचं टोपण दातानं उपटलं आणि समोरच्या पांढऱ्या कागदाच्या मधोमध एक गोल काढला. गोल कसला, उंदरानं कुरतडलेली भाकर दिसावी तसा काहीतरी आकार निघाला. त्या गोलात स्वतःचं नाव लिहा, असं मॅडमनं सांगितलं होतं. बावन्न वर्षांचा माणूस, ज्याचं नाव गावोगावच्या भोंग्यांतून घुमलं, त्यानं हिंगोलीच्या एका मंगल कार्यालयात सतरंजीवर मांडी घालून बालवाडीतल्या लेकरासारखं आपलं नाव गिरवायचं. तेही लाल शाईनं.

"लिहिलं का काका?" ऐश्वर्या मॅडमनं वाकून विचारलं. पुण्याहून आलेली, भिवाजीच्या धाकट्या लेकीच्या वयाची पोरगी. बोलायला गोड, पण तिला ढोलकीची शाई कुठल्या बाजूला असते हे विचारा, बोंब.

"लिवलं."

"छान! हे तुम्ही. आता तुमच्यापासून जिथं जिथं तुमचा कार्यक्रम होतो, तिथपर्यंत रेषा काढा."

भिंतीवर कापडी फलक होता : सांस्कृतिक व्यवस्थापन आणि धोरण, तीन दिवसांची कार्यशाळा, २००७. काल पहिल्या दिवशी मॅडमबरोबर आलेल्या टक्कल पडलेल्या सरांनी 'धोरण' या विषयावर दोन तास भाषण ठोकलं. धोरण म्हणजे काय हे जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणालाच कळलं नाही. सरांना तरी कळलं असेल की नाही, देव जाणे. दुपारी मग ओळखी वाढवायचा तास. पंधरा मिनिटांत प्रत्येकानं जमतील तितक्यांची कार्डं गोळा करायची. ज्यांच्याकडं कार्ड नाही त्यांना चिठ्ठ्या दिल्या. पंधरा मिनिटं नुसता गोंधळ. गोरेगावचा माऊली मंडपवाला घरून कार्डांची डबीच घेऊन आला होता. ज्या बँडवाल्याबरोबर तो बारा वर्षं एकाच मांडवात लग्नं उरकत आला, त्याच्यासमोर वाकून, "नमस्कार, मी माऊली," म्हणत त्यानं कार्ड दिलं. बँडवाल्यानंही ते दोन्ही हातांनी घेतलं. माऊलीकडं सगळ्यांत जास्त कार्डं जमली म्हणून टाळ्या झाल्या. भिवाजीनं टाळी वाजवली नाही. त्याच्या सदऱ्याच्या खिशातही सात-आठ कार्डं कोंबली गेली होतीच, ती त्यानं तशीच राहू दिली.

असल्या तमाशाला तो आला कशाला? तर गरज पडली म्हणून. जिल्ह्यात नवा लोककला महोत्सव होणार होता, आणि त्याच्या समितीनं फतवा काढला होता की ज्या पार्टीच्या माणसाकडं या कार्यशाळेचं प्रमाणपत्र असेल, त्याच पार्टीला बोलावणं. एरवी भिवाजीनं त्या कागदावर थुंकलंही नसतं. पण भीमजयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंतचा महिना म्हणजे गायन पार्टीची सुगी, आणि औंदा एप्रिल तोंडावर आला तरी साखऱ्याच्या समता गायन पार्टीला एकाही गावची सुपारी नव्हती. मागल्या वर्षी तीन होत्या. त्याच्या आधी अकरा गावं ठरलेली असायची. ढोलकीवाला परवाच म्हणाला होता, "भिवाजीदादा, औंदा न्हाई जमलं तर मी आपला ऊसतोडीला जातो." पार्टी मोडायला अजून काय लागतं?

सगळा दोष नव्या जमान्याचा. लोकांना आता डीजे पाहिजे. आवाजाची कदर उरली नाही. भिवाजीचं हे मत पक्कं होतं आणि त्याची बायको जनकाबाई सोडून ते कुणी खोडलं नव्हतं.

त्यानं अकरा रेषा ओढल्या आणि टोकाला गावांची नावं लिहिली. पहिलं गोरेगाव. मग नरसी. मग बाकीची. रेषा सरळ आल्या होत्या. त्यानं शेजारी बसलेल्या माऊलीच्या कागदाकडं तिरपं बघितलं. माऊलीनं कलेक्टर, आमदार, दोन सभापती आणि एका पेपरवाल्यापर्यंत रेषा नेल्या होत्या. मांडव घालणाऱ्याच्या ओळखी बघा! भिवाजीला हसू आलं.

"आता," मॅडम टाळी वाजवून म्हणाल्या, "प्रत्येक रेषेवर त्या गावातल्या तुमच्या माणसाचं नाव लिहा. ज्यानं तुम्हाला तिथं बोलावलं तो माणूस. हेच तुमचं खरं भांडवल."

त्यात काय मोठं? भिवाजीनं स्केचपेन गोरेगावच्या रेषेवर टेकवलं.

गोरेगावचं स्टेज त्याला लख्ख आठवलं. पाण्याच्या टाकीपुढचं. पेटी सुरात लागलेली, आणि तिसऱ्या गाण्याला बाया पदर डोळ्याला लावून रडल्या होत्या. कुणीतरी हार घातला होता. त्याला तो हात आठवला, हातातलं घड्याळ आठवलं. माणूस आठवेना. स्टेजवर तोंडावर ट्यूबलाइट असते. समोरचं सगळं अंधारात. कार्यक्रम झाला की भिवाजी घसा धरून जीपमध्ये जाऊन बसायचा, कारण कलावंतानं उगीच लोकांत मिसळू नये असं त्याचं म्हणणं होतं.

गोरेगावची सुपारी कुणी आणली होती? लखमानं. मग त्यानं रेषेवर 'लखमा' लिहिलं. मागून बदलू म्हणाला. नरसी? तिथलीही लखमानंच आणली होती. तिसरं गाव, चौथं गाव. लखमा, लखमा. एका रेषेवर तरी दुसरं नाव पाहिजे म्हणून त्यानं एका गावावर आपल्या मेव्हण्याचं नाव लिहिलं. मग ध्यानात आलं की मेव्हण्यानं पार्टीला आजवर एकदाही कुठं बोलावलं नाही. त्यानं ते खोडून तिथंही लखमा केलं.

हा लखमा म्हणजे साखऱ्यातलाच, भिवाजीच्या घरापासून चौथ्या घरातला. पार्टीत झांज वाजवायचा आणि कोरसला उभा राहायचा. गळ्यात सुराचा पत्ता नाही. बाकी उद्योग एकच. कुठल्याही गावात मयत झाली की लखमा हजर. पुण्यानुमोदनाला, म्हणजे मयताच्या जेवणाला, पंगतीत पाणी वाढायला लखमा. कुणाचं बारसं, कुणाची सोयरीक, कुठं भांडण, लखमा आपला दोन-दोन दिवस पडून. "फुकटचं खायची चटक," असं भिवाजी चारचौघांत म्हणायचा. जयंतीचा कार्यक्रम ठरला की गावोगावची पंच मंडळी सुपारी आणि अकरा रुपये लखमाच्याच हातावर ठेवायची. एकदा ठेवली की गावही शब्दाला फिरत नसे आणि पार्टीही. लखमा ती धुतल्या रुमालात बांधून भिवाजीला आणून द्यायचा. भिवाजी त्याला टपालवाला म्हणायचा.

दोन वर्षांखाली पार्टीनं नांदेडला कॅसेट काढली. रेकॉर्डिंगवाला काचेआडून म्हणाला, "वो पीछेवाले चाचा को निकालो, सूर में नहीं है." भिवाजीनं लखमाला गाण्यातून तर काढलंच, पण पोरांदेखत वर ऐकवलं, "लखमा, तू पार्टीत नुसता भरतीला हाईस. उद्यापासून नगं येऊस." लखमानं झांज फडक्यात गुंडाळली, पेटीवर ठेवली आणि एसटीनं एकटाच घरी गेला. कॅसेट निघाली तोवर लोक सीडी ऐकायला लागले होते. खोकं अजून पलंगाखाली आहे. जनकाबाई त्यावर कांदे ठेवते.

अकराच्या अकरा रेषांवर लाल शाईत एकच नाव. भिवाजीनं कागद उलटा करायला हात घातला, तेवढ्यात मॅडम आल्याच.

"अरे वा! हे बघा सगळ्यांनी!" त्यांनी कागद उचलून वर धरला. "अकरा गावं, आणि सगळीकडं एकच माणूस. याला म्हणतात व्यवस्थापक! काका, हे लखमा कोण? तुमच्या पार्टीचे मॅनेजर?"

"तसंच... म्हणा."

"मग त्यांनाच आणायचं ना कार्यशाळेला! का नाही आले?"

तीस माणसं माना वळवून बघत होती. आता काय सांगावं? सुरात नव्हता म्हणून हाकलला? भांडवल हाकललं आणि कांद्याखालची कॅसेट ठेवली?

"गेला," भिवाजी म्हणाला. "गेला बिचारा. परवाच."

'बिचारा' हा शब्द कुठून आला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. पण त्या शब्दानं काम फत्ते केलं. मॅडमचे डोळे भरून आले.

"परवा? आन् मला पत्ताच न्हाई?" माऊली ओरडलाच.

"अचानक झालं," भिवाजी म्हणाला. खोटं एकदा बोललं की त्याला पाय फुटतात.

मग टकले सर उभे राहिले. लखमाचं नाव ऐकून त्यांना चार मिनिटं झाली नव्हती, तरी ते लखमावर दहा मिनिटं बोलले. अशा अनाम व्यवस्थापकांच्या खांद्यावरच संस्कृती उभी असते म्हणाले. शेवटी सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं केलं. भिवाजीनं मान खाली घातली. बँडवाला एक डोळा किलकिला करून जेवणाच्या टेबलाकडं बघत होता. माऊलीचा मोबाइल मधेच किणकिणला आणि त्यानं तो मांडीवर दाबून धरला. काय ही माणसं! एका माणसाच्या मरणाला दोन मिनिटं देता येत नाहीत यांना. असं मनात आलं आणि भिवाजीच्या अंगावर सर्रकन काटा आला. माणूस चांगला धडधाकट होता. सकाळी जीपमध्ये बसताना त्यानं त्याला हापशावर दात घासताना बघितलं होतं.

मॅडमनी कागदाच्या खाली सुंदर अक्षरात लिहिलं, 'कै. लखमा यांच्या स्मृतीस'. तिथं मात्र भिवाजीला राहवलं नाही. वस्तीतल्या पत्रिका तपासायचं काम त्याचंच असे.

"कै. नसते म्याडम आमच्यात, बौद्धांत. कालकथित लिवा."

"सॉरी काका, सॉरी," म्हणत मॅडमनी खाडाखोड करून 'कालकथित' लिहिलं. सगळ्या कागदांत तो कागद पहिला आला. भिवाजीला टाळ्या मिळाल्या, आणि कागदाची सुरळी करून त्याच्याच हाती दिली. बाहेर व्हरांड्यात माऊली एका कानावर हात दाबून मोबाइलवर मोठमोठ्यानं बोलत होता. खुर्च्या ठरवत असेल, भिवाजीला वाटलं. त्यानं दोनदा जिलेबी घेतली.

पाचच्या सुमाराला तो जीपमध्ये बसला. सेनगावला जीप थांबली आणि चार-पाच माणसं चढली. त्यांत एक म्हातारी होती, मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं. ती भिवाजीशेजारी दाटीवाटीनं बसली आणि पदरानं नाक पुसायला लागली.

"कुठं निघाल्या मावशी?" ड्रायव्हरनं विचारलं.

"साखऱ्याला. लखमादादा गेला म्हणं माजा. गोरेगावहून फोन आला आमच्या गिरणीवाल्याला." तिनं गाठोडं कुरवाळलं. "भाकरी घेतल्या. घरात चूल पेटली नसंल."

"आमीबी तिकडंच," मागचे दोघं म्हणाले. "नरसीहून एक जीप पुढं गेली."

भिवाजीनं तोंड उघडलं. मावशे, त्यो जित्ता हाय, एवढंच तर म्हणायचं होतं. पण मग, कोण बोललं, काहून बोललं, सगळं आलंच. त्यानं तोंड मिटलं.

म्हातारी बोलत राहिली. तिचं नाव चांगुणा, गाव त्या अकरांतलंच एक. "माजं पोरगं विहिरीत गेलं तवा ह्यो बाबा तीन दिस व्हता आमच्याकडं. कावडीनं पानी वाह्यलं. कोण कुठला! माज्यासंगं बसून रडला व्हता वो." मग तिनं भिवाजीकडं निरखून बघितलं. "तुमी साखऱ्याचे का? कोण तुमी?"

"भिवाजी." त्यानं घसा खाकरला. "समता पार्टीचा. गाणारा."

चांगुणाबाई आठवत राहिली. तिच्या गावात त्यानं सहा वर्षं जयंती गाजवली होती.

"आस्सं व्हय," ती शेवटी म्हणाली. "लखमादादाच्या पार्टीतले. तुमचं तर लई वाईट झालं बापा." आणि तिनं आपला खरबरीत हात त्याच्या पाठीवरून फिरवला. मागच्यांनी सरकून त्याला ऐसपैस जागा करून दिली. पुढचे सात-आठ कोस भिवाजीचं सांत्वन चाललं होतं.

साखऱ्याच्या फाट्यावर तीन जीपा उभ्या होत्या. लखमाच्या अंगणात पन्नासेक माणसं, आणि मधोमध, बंडीची बटणं वरखाली लागलेला, हातात किटली घेतलेला लखमा स्वतःच्या मयतीला आलेल्यांना चहा वाढत होता. चांगुणाबाई दारातच थिजली. मग तिनं गाठोडं उगारून त्याच्या पाठीत घातलं. "मुडद्या, जित्ता हाईस व्हय रं!" आणि तिथंच फतकल मारून ढसाढसा रडायला लागली. सगळे हसत होते आणि निम्मे डोळे पुसत होते.

"पर आवई उठवली कोण्या हलकटानं?" नरसीचा एक पंच मिशीवर हात फिरवत म्हणाला. "त्याचं थोबाड बघायचं हाय मला."

"जाऊ द्या ना," लखमा म्हणाला. "मेल्यावर कोण कोण येतं ते जित्तेपनीच दिसलं. कुनाला दिसतं सांगा?" त्यानं वर बघितलं, आणि त्याला दारात सुरळी घेऊन उभा असलेला भिवाजी दिसला. किटलीचा हात खाली आला.

"भिवाजी... तू बी आलास?"

दोन वर्षांत भिवाजीनं या दाराची पायरी चढली नव्हती. लखमा पुढं आला, त्याच्या दंडाला धरून त्याला चटईवर बसवलं, शेजारी आपण बसला.

"मला वाटलंच न्हवतं," तो म्हणाला.

चुलीपाशी बसलेल्या जनकाबाईनं फुंकणी खाली ठेवली. ती दुपारपासून इथंच चहा उकळत होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं. नजर कशी होती ते भिवाजीलाच ठाऊक.

"अवो, तुमाला कुनी सांगितलं? सकाळपून तर तुमी हिंगोलीत. अन् सकाळी ह्यांना हापशावर बघूनच गेलते ना तुमी?"

अंगणातलं हसू थोडं कमी झालं. भिवाजीनं सुरळी पाठीमागं सरकवली. लखमानं ती सहज उचलली.

"अन् ह्यो काय कागद आणलास?"

लखमा चौथी शिकलेला. तो बोट लावून वाचायचा. गोरेगाव. लखमा. नरसी. लखमा. बोट एकेका रेषेवरून फिरलं, मधल्या गोलातल्या लाल नावावर जरा थांबलं, आणि मग तळाशी उतरलं. का-ल-क-थि-त. ओठ हलले, आवाज निघाला नाही. त्यानं दुसऱ्यांदा वाचलं नाही.

"काय लिवलंय वो?" पंचानं मान लांब केली.

लखमानं सुरळी घट्ट गुंडाळली आणि उठून छपराच्या वाशात खोचली.

"काय न्हाई. गावांची यादी हाय, जयंतीची," तो म्हणाला. मग जनकाबाईकडं वळला. "अन् वैनी, तुमी काय इचारता? जोडीदाराला कुनी सांगावं लागत न्हाई. कळतंय त्याचं त्याला."

"व्हय, व्हय," लोक म्हणाले. चांगुणाबाईनं मान डोलावली. जनकाबाईनं फुंकणी उचलली आणि जोरानं फुंकर घातली.

लखमानं कमरेचा रुमाल सोडला. धुतलेला, चौघडी घातलेला. त्यात तीन सुपाऱ्या होत्या. "मंडळी आलीच हाय तर ठेवून राहिली. मी म्हणलं, मी न्हाई आता पार्टीत. ऐकत न्हाईत. घे. गोरेगाव, नरसी अन् ही मावशीच्या गावची."

हा रुमाल घेण्यासाठी भिवाजी प्रमाणपत्राच्या मागं लागला होता. आता तो वीतभर अंतरावर होता आणि त्याचा हात मांडीवरून उचलेना.

"लखमा, मी..."

"वाचलं की मी," लखमा हळूच म्हणाला. त्यानं रुमाल त्याच्या सदऱ्याच्या खिशात घालायला बघितलं. खिसा कार्डांनी गच्च होता. रुमाल अर्धा बाहेरच राहिला. "चहा घे. थंडा होऊन राहिला."

तेवढ्यात अंगणाशी मोटारसायकल थांबली. माऊली होता, हातात झेंडूचा हार. समोर लखमाला बघून त्याच्या हातातून हार गळून पडला.

"आरं! आन् भिवाजीदादा तर..." माऊलीची नजर माणसांतून भिवाजीला हुडकायला लागली. पंच सरसावून बसला.

लखमा किटली घेऊन लगबगीनं उठला होता. माऊलीनं पुढचा शब्द काढायच्या आत त्यानं त्याच्या हातात काठोकाठ भरलेला कप दिला.